शब्दांना म्हणे फक्त ७ टक्के!

"संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि बॉडी लँग्वेजचा ५५, हे संशोधनाने सिद्ध झालंय, म्हणून प्रेझेंटेशनमध्ये काय बोलता यापेक्षा कसं बोलता ते बघा." हा फॉरवर्ड मला या महिन्यात तिसऱ्यांदा आलाय, ऑफिसच्या एका ट्रेनिंगमध्ये तर रंगीत पाय चार्टसकट बघितलाय. आता लिहूनच टाकतो.

संशोधनाने सिद्ध वगैरे. संशोधन झालं होतं हे खरं, १९६७ साली, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, अल्बर्ट मेहराबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. पण कशावर? एका प्रयोगात 'मेबी' हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरात रेकॉर्ड करून ऐकवला, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आवड दिसते की नावड. दुसऱ्या प्रयोगात सुटे शब्द आणि आवाजाचा सूर. मग दोन्हीकडचे आकडे जोडून ते सूत्र बनवलं. यात भाषण कुठे आलं, स्लाइड कुठे आली, अख्खं वाक्यसुद्धा नाहीये हो!

आपल्याकडचा 'बघू' घ्या ना. आईला विचारलं ट्रिपला जाऊ का, ती म्हणाली "बघू". आता हे हो आहे की नाही ते शब्दावरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही, सूर ऐकावा लागतो, भुवया बघाव्या लागतात. तिथे शब्दाला ७ टक्के दिले तरी जास्तच झाले. पण 'बघू'चा हिशोब तुम्ही बजेटच्या प्रेझेंटेशनला कसा काय लावता?

बॉडी लँग्वेज ५५ टक्के, हे तर चक्क बदललेलं आहे. तो आकडा चेहऱ्याचा होता, तोही फोटोतल्या. हात कुठे ठेवायचे, स्टेजवर किती फिरायचं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि हे सूत्र फक्त भावना आणि आवडीनिवडीबद्दलच्या बोलण्याला लागू आहे असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे.

आणि शब्द ७ टक्के असते तर रेडिओवरच्या बातम्या ऐकून कोयनेतून पाणी सोडलं की नाही हे आपल्याला कसं कळलं असतं?

आवाज, नजर, थांबणं याचा उपयोग नाही असं मी म्हणतच नाहीये, पुटपुटत बोललात तर मागच्या रांगेतले मोबाईल काढणारच. पण हा आकडा डोक्यात बसला की लोक आरशासमोर हातवारे घोटतात आणि मजकूर आदल्या रात्री कुठूनतरी चिकटवतात. आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं प्रेझेंटेशन द्यायला एक जण आला होता, काय तो सूट, काय ते हसू, प्रत्येकाच्या डोळ्यात बघून बोलत होता. दुसऱ्या रांगेतल्या काकांनी विचारलं, "आत्ता माझा कार्पेट ४२० आहे, नवीन किती मिळणार?" याने तळवे उघडे केले, पुढे झुकला, म्हणाला काका, फार छान प्रश्न आहे. काकांनी परत तेच विचारलं, "किती?" तर स्लाइडवर आकडाच नव्हता, पुढच्या स्लाइडवर स्विमिंग पूल होता, तो मात्र फार सुंदर होता.

जिना चढताना मी काकांना विचारलं, मग काय, संमती देणार का? म्हणाले, "बघू". सूर ऐकूनच मला कळलं.