अ‍ॅक्टिनचा बँड सारखा, म्हणून लोडिंग सारखं?

वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून, म्हणजे ट्रान्सफर करून, अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरतो: "बीटा-अ‍ॅक्टिन हाउसकीपिंग प्रथिन आहे, सगळ्या पेशींत सारखंच असतं. कुठल्याही अ‍ॅक्टिन अँटिबॉडीने प्रोब करा. बँड सारखे आले की लोडिंग बरोबर." लोडिंग म्हणजे जेलच्या प्रत्येक लेनमध्ये घातलेलं एकूण प्रथिन. या सल्ल्यातला एकेक दावा तपासायला हवा, कारण यावरच पुढचे आलेख उभे राहतात.

सगळ्या पेशींत सारखं? नाही. प्रौढ प्राण्याच्या कंकाल स्नायूत अल्फा-अ‍ॅक्टिनचं राज्य असतं, बीटा अगदी थोडं. उपाशी ठेवलेल्या पेशींना सीरम दिलं की एसआरएफ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनामार्फत अ‍ॅक्टिनचं जनुकच जोरात चालू होतं. पेशींचं स्थलांतर किंवा सायटोस्केलेटनवरची औषधं हा तुमचा विषय असेल, तर तुम्ही ताणल्या जाणाऱ्या टेपने कापड मोजताय.

कुठलीही अँटिबॉडी चालेल, हेही खोटं. बीटा आणि गॅमा सायटोप्लाझमिक अ‍ॅक्टिनमध्ये ३७५पैकी फक्त ४ अमिनो आम्लांचा फरक, तोही प्रथिनाच्या सुरुवातीच्या म्हणजे एन-टोकाशी. एसी-१५ हा अँटिबॉडीचा क्लोन (एकाच पेशीच्या वंशातून मिळालेली अँटिबॉडी) त्याच टोकाच्या पेप्टाइडवर बनवलेला आहे, तर सी४ सगळेच अ‍ॅक्टिन पकडतो. म्हणून मेथड्समध्ये नुसतं "अँटी-अ‍ॅक्टिन" लिहू नका, क्लोन लिहा.

सगळ्यात घातक भाग शेवटचा. ४२ किलोडाल्टनचं हे प्रथिन पेशीत इतकं मुबलक असतं की नेहमीच्या २०-३० मायक्रोग्रॅम लोडिंगला ईसीएलचा (अँटिबॉडीच्या जागी प्रकाश देणाऱ्या रसायनाचा) सिग्नल बहुधा सॅच्युरेट झालेला, म्हणजे कमाल मर्यादेला पोचलेला असतो. मग एका लेनमध्ये दुप्पट माल पडला तरी बँड तेवढेच काळे! २००६ साली 'इलेक्ट्रोफोरेसिस'मध्ये डिटमर आणि डिटमर यांनी नेमकं हेच दाखवलं होतं. आपल्याच लायसेटचे (फोडलेल्या पेशींच्या द्रावाचे) २, ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवा आणि बँडची डेन्सिटी (काळेपणा) आलेखावर मांडा. रेषा जिथे आडवी व्हायला लागते, त्याच्या पुढे तो बँड लोडिंगबद्दल काहीही सांगत नाही.

"मग जीएपीडीएच घेतो," असं लगेच म्हणतात. तेही असंच एक हाउसकीपिंग प्रथिन, पण हायपोक्सियात (ऑक्सिजन कमी पडल्यावर) तेही वाढतं. त्यापेक्षा ट्रान्सफर झाल्याबरोबर मेम्ब्रेन पोन्सो-एस या सगळी प्रथिनं रंगवणाऱ्या लाल रंगात पाच मिनिटं ठेवा. लेनभर लाल पट्टे दिसतात, बुडबुड्याने कुठे ट्रान्सफर हुकलं तेही कळतं. फोटो काढा, धुवा, ब्लॉकिंगला टाका. नॉर्मलायझेशन (लोडिंगमधल्या फरकाची भरपाई) त्या पूर्ण लेनवर करा. अ‍ॅक्टिन दाखवायचंच असेल तर रेषीय टप्प्यातलं दाखवा, आणि ते त्याच मेम्ब्रेनवरचं असू द्या.