खुलासा : ‘बेडकाचे रोबो’ आणि आपले यंत्रमाग

सोलापुरातल्या यंत्रमागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. छोटे रोबो सरकत सरकत चांदणीचा आकार घेतात. खाली मजकूर : ‘बेडकाच्या पेशींपासून जन्मलेले रोबो, पिल्लंही घालतात. आता मागही आपोआप उभे राहणार, कामगारांनी दुसरं काम बघावं.’ हे खरं नाही. दोन वेगळे प्रयोग एकत्र कालवलेत.

व्हिडिओत आहेत ते किलोबॉट. हार्वर्डमध्ये २०१४ साली असे १,०२४ रोबो एकत्र आणले होते. प्रत्येक जेमतेम ३.३ सेंटिमीटरचा, बॅटरीवर चालणारा, तारेच्या काडीपायांवर थरथरत पुढे जाणारा. पेशीबिशी काही नाही. जीवसृष्टीकडून घेतली ती फक्त रीत : गर्भ वाढताना वरून कुणी हुकूम सोडत नाही, पेशी शेजारच्या पेशींच्या इशाऱ्यांवर वागतात. किलोबॉट तसंच इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने, शेजाऱ्याचं अंतर मोजतात. पण कोणता आकार करायचा हे माणसांनीच आधी भरलेलं, सुरुवातीचे चार रोबोही माणसांनीच मांडलेले. आणि एका आकाराला जवळपास १२ तास लागले! व्हिडिओ वेग वाढवून पळवलाय, हे मात्र कुणी सांगत नाही.

बेडकाच्या पेशींचे झेनोबॉट वेगळे, २०२० सालचे, मिलिमीटरहूनही लहान. ते सुट्या पेशी ढकलून गोळा करतात आणि त्यातून नवे झेनोबॉट बनतात, हे २०२१ मध्ये दिसलं. ‘पिल्लं’ म्हणतात ती हीच. मात्र त्या सुट्या पेशी बशीत शास्त्रज्ञच टाकतात. त्या नसतील तर पुढची पिढी नाही.

चादरीचा किंवा टॉवेलचा माग या दोन्हींपैकी एकाही प्रयोगात नव्हता.