मामांच्या टेबलावर वाजलं, शेतात का वाजेना

‘हे बघ की, वाजालंय!’ अशी मामांची आरोळी असलेला व्हिडिओ गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर पडला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या त्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल, त्यावर पाच रुपयांचं पितळी नाणं आणि वर वीतभर अंतरावर नवाकोरा मेटल डिटेक्टर. साडेसहा हजार मोजलेत, काजूच्या पैशातले. खाली मामांनी तो मेसेजही टाकला होता, जो महिनाभरात मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय. मशीन आधी घरीच तपासा; घरी जेवढ्या उंचीवर वाजेल त्याच्या तिप्पट खोल शेतात वाजणार; घरी सोन्याची अंगठी धरून स्क्रीनवरचा नंबर बघा, शेतात तोच नंबर आला की खाली सोनंच; अँटेनावालं यंत्र तर शंभर मीटरवरूनच दिशा दाखवतं; माती ओली करा, खोली दुप्पट; आणि आपल्या शेतात सापडलं ते आपलंच.

कुणी लांबच्यानं पाठवलं असतं तर पुढं सरकवून मोकळा झालो असतो. पण मामांनी परड्यात तीन खड्डे काढले होते आणि भाताच्या खाचराच्या बांधाला हात घालायचं म्हणत होते. म्हणून लिहितोय.

मी बावीस वर्षं मोटर वायंडिंग करतो. डिटेक्टरच्या ताटलीत असते ती तांब्याच्या तारेची कॉइलच. तिच्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली जातं, धातूत एडी करंट, म्हणजे आतल्या आत गोल फिरणारा विजेचा प्रवाह, उठतो, त्याचं क्षेत्र परत वर येतं आणि मशीन ते ऐकतं. आमच्या धंद्यात हाच एडी करंट डोक्याला ताप, म्हणून तर मोटरीत लोखंडाचा सलग ठोकळा न घालता पातळ पत्र्यांचं स्टॅम्पिंग घालतात. तर मामा, हे क्षेत्र जाताना झपाट्यानं विरतं आणि येतानाही तेवढंच विरतं. नाण्यासारखी छोटी वस्तू कॉइलपासून जरा लांब गेली की ढोबळ हिशेब असा: अंतर दुप्पट केलं तर परत येणारा सिग्नल चौसष्टपट कमी. तिप्पट खोल म्हणजे सातशेपटींच्याही वर कमी. आणि हे नुसत्या हवेत. माती अजून मध्ये आलेलीच नाही.

आणि आपली माती! खानापूर-जांबोटीची लाल जांभ्याची घ्या, नाहीतर बैलहोंगल-सौंदत्तीची काळी घ्या, दोन्हींत लोखंड. सोमवारी दुकान बंद ठेवून मी मामांकडे गेलो. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि खाचराच्या कडेच्या मातीतून ओढला. वर काढला तर पिशवीला काळ्या बारीक कणांची दाढी आलेली. मामी म्हणाली, ‘अगोबाई, हे काय रे!’ हेच ते. हे कण मशीनला प्रत्येक फेरीत ‘मी इथं आहे’ म्हणून सांगत राहतात आणि त्या गलक्यात खालच्या नाण्याचा बारीक आवाज हरवतो. चांगल्या मशीनला हा गलका वजा करायची सोय असते, तिला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. मामांच्या मशीनला ती नाही. मग तेच पाच रुपयांचं नाणं शेतात पुरून बघितलं. टेबलावर वीतभरावरून वाजणारं नाणं मातीत चार बोटांखाली गेलं की गप्प. उलट नाणं नव्हतंच तिथं मशीन दहा वेळा वाजलं. मामा म्हणाले, ‘बॅटरी उतरली असेल.’ नवीन सेल घातले. तरी चार बोटंच.

नाण्यावरून आठवलं. काहीजण एक-दोन रुपयांच्या नाण्यावर चाचणी करतात. ही आजची नाणी स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटतात. त्यांच्यावर मशीन वाजलं म्हणजे चांदीचा जुना रुपया कसा वाजेल ते कळलं, असं होत नाही.

घरातली चाचणी उलट्या बाजूनंही फसवते, हे त्या मेसेजवाल्याला माहीतच नाही. स्लॅबमध्ये सळ्या, भिंतीत वायरिंग, कोपऱ्यात इन्व्हर्टर, ओट्यावर इंडक्शन शेगडी. फरशीवर मशीन धरलं की ते किंचाळणारच. धड मशीनसुद्धा ‘बिघडलं’ म्हणून परत करणारे बघितलेत मी.

अंगठीच्या नंबराचं थोडक्यात सांगतो. तो नंबर सोन्याचा नसतोच. वस्तू किती वीज वाहते, किती मोठी, किती जाड, या सगळ्याची मिळून ती खिचडी असते. मामांनी मोठ्या हौसेनं मामीच्या अंगठीचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. मी कपाटातली गोळ्यांची रिकामी पट्टी चुरगाळून मशीनखाली धरली. अंगठीच्या नंबरात आणि हिच्यात फक्त दोनचा फरक. घडीवर आणखी एक घडी घातली, फरक गेला. आपल्या बांधावर सोनं जास्त की बाटल्यांची झाकणं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आता अँटेना. यावर माझं डोकं खरंच फिरतं. मुठीत धरायची दांडी, पुढे फिरणारी तार, आणि म्हणे शंभर मीटरवरचं सोनं ओढून घेते. मामांच्या ओळखीचा एकजण असं यंत्र भाड्यानं द्यायला नेमका त्याच दिवशी दारात हजर झाला. दिवसाला चार हजार! त्यानं आधी ‘घरची चाचणी’ दाखवली. मामीची अंगठी टीपॉयवर ठेवली, तार अलगद तिकडं वळली. पाच वेळा ठेवली, पाच वेळा वळली. मामा गार.

मी म्हटलं, एकदा माझ्या पद्धतीनं करू. स्वयंपाकघरातून प्लास्टिकचे सहा सारखे डबे आणले. तो माणूस आणि आम्ही सगळे बाहेर थांबलो, मामीनं एकटीनं आत एका डब्याखाली अंगठी ठेवली आणि ती मागच्या दारानं निघून गेली. मग तो आत. दहा वेळा केलं. दोनदा बरोबर. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी दहात एक-दोनदा लागलंच असतं. अंगठी दिसत होती तोवर तार वळत होती, कारण मूठ नकळत वळते. तो मुद्दाम फसवत होता असंही मी म्हणत नाही, त्याचा स्वतःचा विश्वास असेल. टीपॉयवर सोनं कुठं आहे ते आधीच माहीत असतं, शेतात तेच तर माहीत नसतं!

‘मग एवढे लोक विकत घेतात ते काय येडे आहेत?’ असं मामांनी विचारलं. येडे नाहीत, पण इराकच्या सरकारनंही घेतलं होतं. एडीई ६५१ नावाचं, असंच मुठीचं आणि फिरत्या तारेचं यंत्र, बॉम्ब शोधतं म्हणून जिम मॅकॉर्मिक या ब्रिटिश माणसानं विकलं. बगदादच्या नाक्यांवर जवान ते गाड्यांभोवती फिरवत होते, आणि बॉम्बच्या गाड्या त्याच नाक्यांवरून आत जात होत्या. उघडून बघितलं तर आत बॅटरी नाही, चालणारं सर्किट नाही, आणि ‘बॉम्ब ओळखणाऱ्या’ कार्डात दुकानातल्या कपड्यांना लावतात तसला चोरी रोखायचा टॅग. मूळ माल अमेरिकेत वीसेक डॉलरला मिळणारं, गोल्फचे चेंडू शोधायचं म्हणून विकलं जाणारं खेळणं. २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टानं मॅकॉर्मिकला फसवणुकीबद्दल दहा वर्षांची कैद दिली. तिथं माणसं मेली. इथं चार हजार रोज जातील, नाहीतर कुणाच्यातरी देवळाचा पाया.

पायाचं उगाच नाही म्हटलं. मेसेजच्या शेवटी ‘जुन्या देवळांच्या परिसरात आधी बघा’ असंही आहे. आपल्या तालुक्यात हलशी आहे, शेजारी देगाव आहे, कदंब राजांच्या काळची देवळं. निधी, म्हणजे पुरलेलं धन, काढायच्या नादानं कर्नाटकात किती नंदी उलथले गेलेत ते पेपरात वाचतोच आपण. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. आणि ‘आपल्या शेतातलं ते आपलंच’ हेही खोटं. कर्नाटकाचा १९६२ चा गुप्तधनाचा वेगळा कायदा आहे, सापडलेलं डीसींना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, कळवावं लागतं. शेताचा उतारा दाखवून भागत नाही.

ओल्या मातीचं? अर्धं खरं, नाइलाजानं मान्य करतो. ओलीत कधीकधी सिग्नल थोडा बरा येतो, आणि गंजलेलं लोखंड भोवतालच्या मातीत मुरून मोठं भासतं. पण सोन्याला गंज चढत नाही हो. म्हणजे ओलीचा फायदा झालाच तर तो जुन्या खिळ्याला.

आणखी एक मान्य: घरी तपासू नका असं माझं म्हणणं नाही. मशीन चालू आहे का, कुठल्या धातूला कसा आवाज येतो, हे कळायला लाकडी टेबल बरं. तांब्याच्या हंड्याएवढी वस्तू असेल आणि मोठ्या कॉइलचं चांगलं मशीन असेल तर दोन-तीन फुटांवरही वाजेल. मामांकडं दोन्ही नाही. खोली बघायची तर नाणं शेतातच पुरून बघावं, तेही दुसऱ्यानं पुरलेलं.

भाड्याचं यंत्र परत गेलं. बांध वाचला. साडेसहा हजारांचं मशीन मात्र मामांनी ठेवून घेतलंय. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाजात पुन्हा तीच उमेद: ‘सापडालं की रे!’ काय? तर पॉवर टिलरची चिखलात पडलेली पिन. अर्धा इंच खोल होती.