भूकंपाची तारीख कोणालाच माहीत नाही, फॉरवर्ड करणाऱ्यांना सोडून

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज आलाय. ‘येत्या ७२ तासांत मुंबईला मोठा धक्का, नासाचा इशारा.’ खाली हात जोडलेले इमोजी ढीगभर. अरे बाबांनो, अंदाज म्हणजे कुठे, कधी आणि किती मोठा, तिन्ही सांगावं लागतं. नुसतं ‘या आठवड्यात जगात कुठेतरी ६ चा भूकंप होईल’ हे मीपण सांगतो, वर्षाला शंभरावर होतात तसे.

खरी गोची वेगळीच आहे. मोठ्याच्या आधी कधीकधी छोटे धक्के बसतात हे खरं, पण बसतो तेव्हा तो मोठ्याची वर्दी आहे का नुसताच छोटा, हे कळायला काही मार्ग नाही. आपल्याकडचंच बघा ना, किल्लारीला १९९२ मध्ये धक्के बसत होते, मग थांबले, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास सगळं झोपलेलं असताना गावंच्या गावं गेली. उलट डहाणू-तलासरीला नोव्हेंबर २०१८ पासून किती धक्के बसले, घरांना तडे गेले, लोक तंबूत झोपले, पण तसा मोठा अजून आलेला नाही. आता तुम्ही कलेक्टर असता तर गाव कधी रिकामं केलं असतं? आणि किती महिने?

चीनने १९७५ ला हायचेंग वेळेत रिकामं केलं, जगभर कौतुक झालं, कारण तिथे आधी छोट्या धक्क्यांची रांगच लागली होती. पुढच्याच वर्षी तांगशानला आधी तसे धक्के बसलेच नाहीत आणि भूकंपात दोन लाखांवर माणसं गेली. कॅलिफोर्नियात पार्कफिल्डला तर १९९३ च्या आत येणार म्हणून यंत्रं लावून बसले होते, आला २००४ ला, आणि एवढी यंत्रं असून आधी कामाचा इशारा काही मिळाला नाही.

जपानमध्ये भूकंपाच्या इशाऱ्याने फोन वाजतो म्हणता ना, तो भूकंप सुरू झाल्यावर वाजतो. लांबच्यांना काही सेकंद मिळतात, एवढंच.

म्हणून मला तारखेत इंटरेस्टच नाही. आमच्या पार्किंगमधल्या कोपऱ्यातल्या कॉलमचं प्लास्टर पडलंय, आतली सळई गंजून फुगलीये, बोटाने खरवडलं की पापुद्रे निघतात. लॉबीला मात्र नवीन टाइल्स! कमिटीला लेटर दिलंय, स्ट्रक्चरल ऑडिटच्या रिपोर्टची कॉपी द्या म्हणून. अजून उत्तर नाही, नासावाला मेसेज मात्र कमिटीतल्याच एकाने टाकलाय.