‘मागून आवाज म्हणजे क्राउन-पिनियन गेलं’: गाडी उघडायच्या आधी

पावसाळी भटकंतीचा मोसम सरला की थार-बोलेरोवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीच्या मागून घूंघूं आवाज आला म्हणजे क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमध्ये इंजिनचा जोर चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) गेलं. खात्री करायची तर फोर-एच (चारही चाकांना जोर देणारा फोर-बाय-फोरचा गिअर) टाकून डांबरी रस्त्यावर चालवा, आवाज घटला तर दोष मागचाच. तोवर हाउसिंगमध्ये, म्हणजे या जोडीच्या लोखंडी घरात, १४० नंबरचं जाड ऑइल भरा. आणि गाडी हलताना ‘टक्क’ वाजलं तर क्रॉस, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा, बदला. यातलं शेवटचं अर्धंमुर्धं बरोबर आहे. पहिलं महागात पडतं, आणि दुसऱ्याने धडधाकट गाडीही बिघडू शकते.

आधी घूंघूं. आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी बदलतो ते बघायचं. लॅडर चेसिसच्या (शिडीसारख्या लोखंडी चौकटीच्या) गाडीत आवाज लोखंडातून लांबवर जातो, मागच्या सीटखालची घरघर ट्रान्सफर केसचीही (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचीही) निघू शकते. क्राउन-पिनियनचा आवाज मात्र ॲक्सिलरेटरवरच्या पायाला बांधलेला असतो. रेस दिली की दात एका बाजूने दाबले जातात, पाय उचलला की दुसऱ्या बाजूने. त्यामुळे ६० च्या वेगाला रेस देताना रडणारी आणि पाय काढताच गप्प होणारी गाडी असेल, किंवा नेमकं उलट होत असेल, तर हाउसिंगवर संशय घ्यायला जागा आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करा (घाटात चुकूनही नाही). आवाज तसाच राहिला तर तो बहुधा टायरचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा.

आणि टायर हा पहिला संशयित असायला हवा, ज्याचं मेसेजमध्ये नावही नाही. मड टेरेन (चिखलासाठीच्या) टायरचे मोठे ठोकळे झिजताना एका कडेने जास्त झिजतात आणि मग हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर एक सूर आणि जुन्या हायवेच्या डांबरावर दुसराच, असं असेल तर मेकॅनिककडे जाऊच नका. मागचे टायर पुढे घाला, आवाज त्यांच्याबरोबर पुढे सरकतो का ते ऐका. चाकाचं बेअरिंग वळणावर बोलतं: डाव्या वळणावर भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग तपासा. पिनियनचं बेअरिंग याहून वरच्या पट्टीत ओरडतं, कारण चाकाच्या एका फेऱ्यात पिनियनचे चारच्या आसपास फेरे होतात. एवढं सगळं घरबसल्या कळत असताना थेट क्राउन-पिनियन उतरवायला लावणं हा नुसता उधळेपणा आहे. ती जोडी पुन्हा शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून नीट बसवणं प्रत्येक गॅरेजच्या हातचं काम नाही. चुकीची बसली तर आधी नसलेला आवाज सुरू होतो.

फोर-एचची चाचणी तर करूच नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो, त्यामुळे हा फरक चिखलात चाकं घसरून सुटतो आणि कोरड्या डांबरावर शाफ्ट-गिअरमध्ये पीळ होऊन साठतो. शिवाय पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस स्वतःचे आवाज मिसळतात. आवाज घटला किंवा वाढला, सिद्ध काहीच होत नाही.

जाड ऑइलने आवाज दबतो, हे खरं. पण बेअरिंगला पडलेले खड्डे ऑइलने भरत नाहीत, फक्त ऐकू येत नाहीत. आणि गाडी थंड असताना ते घट्ट ऑइल पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लावतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच घाला. त्यापेक्षा जुनं ऑइल काढून बघा, त्यात खरी माहिती असते. ड्रेन प्लगच्या चुंबकाला बारीक करडा लेप असणं नेहमीचं. चकत्या किंवा दाताचे तुकडे सापडले तर मात्र गाडी तिथेच थांबवा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. तापलेलं हाउसिंग ओढ्यात बुडलं की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर (हाउसिंगची हवा आत-बाहेर जाण्याची वाट) मातीने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. कोकणातली तांबडी माती या कामात पटाईत. ब्रीदरला नळी जोडून ती उंचावर नेली की हा प्रश्न बराचसा मिटतो.

‘टक्क’ला क्रॉस कारणीभूत असतो, पण तो एकटाच नव्हे. सपाट जागी चाकांना दगड लावा, इंजिन बंद, हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रल. आता प्रॉपेलर शाफ्ट हाताने पिळा. क्रॉसपाशीच ढिलाई दिसली तर बदला. हळू वेगात चिमणीसारखं चिरचिरणं हेही कोरड्या क्रॉसचंच. ढिलाई सरकत्या जॉइंटमध्ये असेल तर आधी ग्रीस भरून बघा. पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) असलेल्या गाडीत त्यांचे यू-बोल्ट आणि बुश तपासा. नव्या थारमध्ये मेकॅनिकल लॉकर (मागची दोन्ही चाकं आपोआप एकत्र बांधणारी यंत्रणा) असेल तर एक मागचं चाक मोकळं फिरू लागल्यावर येणारा ‘धाड्’ हा बिघाड नाहीच: दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो लॉक होतो.

आणि कुठल्याही तपासणीआधी जॅक, पाना, स्टेपनीचे बोल्ट आणि सायलेन्सरचे रबर हाताने हलवून बघा. ड्रममध्ये अडकलेला एखादा खडाही बराच गोंगाट करतो.