व्हायरस चालेल पण स्कॅनर आवर

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला की तो एकटा परत येत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीये. तरी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी ऑडिटचे कागद तिथेच प्रिंट केले, मग तो पेनड्राइव्ह आमच्याकडे येऊन बाबांच्या विंडोजवाल्या लॅपटॉपला लावला, तिथे नीट उघडेना म्हणून बायकोच्या मॅकला, आणि शेवटी "तू कॉम्प्युटरमधला ना, बघ रे जरा" म्हणत माझ्या हातात दिला. माझ्याकडे उबुंटू, म्हणजे लिनक्स. आत बघतो तर प्रत्येक फोल्डरशेजारी त्याच नावाचा शॉर्टकट. विंडोजवर हा व्हायरस खरा फोल्डर लपवून ठेवतो आणि माणूस तोतयावर क्लिक करतो, लिनक्स मात्र त्या लपवालपवीला भीक घालत नाही, खरा आणि तोतया शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

म्हटलं तिन्ही मशीनवर एकच व्हायरस स्कॅनर फिरवू. क्लॅमएव्ही. फुकट, ओपन सोर्स, 2007 मध्ये सोर्सफायर कंपनीकडे गेला, 2013 मध्ये सोर्सफायरलाच सिस्कोने घेतलं, आणि मुख्य म्हणजे लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे चालतो. बटणं वगैरे लाड नाहीत, काळ्या खिडकीत कमांड मारायची.

उबुंटूवर इन्स्टॉल झाला लगेच. व्हायरसची यादी ताजी करायला फ्रेशक्लॅम मारलं तर म्हणे लॉग फाइल दुसऱ्या प्रोसेसने लॉक केलीये. ती दुसरी प्रोसेस म्हणजे फ्रेशक्लॅमच, इन्स्टॉल झाल्या झाल्या मागे गुपचूप तेच काम करत बसलेलं. बरं. मग प्रत्यक्ष तपासणीची कमांड, क्लॅमस्कॅन. एंटर मारला आणि काहीच नाही, नुसता कर्सर. हा बाबा दरवेळी आधी लाखो सिग्नेचर, म्हणजे व्हायरसच्या ओळखखुणा, मेमरीत भरतो, जीबीभर रॅम खातो आणि मग कामाला लागतो, तुम्ही चार ओळींची टेक्स्ट फाइल तपासायला दिलीत तरी तेवढाच सोहळा.

विंडोजवर कमांड मारली तर ही कमांड मी ओळखत नाही म्हणे. फोल्डरमध्ये जाऊन मारली तरी पॉवरशेलला, म्हणजे विंडोजच्या कमांडच्या खिडकीला, आधी डॉट आणि बॅकस्लॅश पाहिजे. ते दिलं, तर आता कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल पाहिजे. नमुन्याची फाइल कॉपी करायची, नावातलं सॅम्पल काढायचं, आणि आत एका ओळीवर नुसतं "एक्झाम्पल" लिहिलेलं असतं ती ओळ पुसायची किंवा तिच्यापुढे हॅश टाकायचा, तोवर फ्रेशक्लॅम जागचं हलत नाही. ती ओळ मुद्दाम ठेवलीये, माणसाने फाइल उघडून निदान एकदा वाचावी म्हणून. कल्पना चांगलीये, मला आवडली, पण बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. म्हणाले, "व्हायरस आला तेव्हा त्याने यातलं काहीच विचारलं नव्हतं रे."

यावर काय बोलणार.

मॅकवर परत तीच फाइल, तीच एक्झाम्पलची ओळ, फक्त होमब्रूने (मॅकवर असले प्रोग्राम इन्स्टॉल करणारं टूल) ती भलत्याच फोल्डरात नेऊन ठेवलेली. स्कॅन सुरू झाला आणि मेल, मेसेजेस अशा फोल्डरांवर "ऑपरेशन नॉट परमिटेड"ची रांग. मॅकवर टर्मिनललाही, म्हणजे तिथल्या कमांडच्या खिडकीलाही, फुल डिस्क ॲक्सेस वेगळा द्यावा लागतो. तो द्यायला सेटिंग उघडली तर बायको म्हणाली, "माझे मेसेज तुला कशाला हवेत?" मी म्हटलं मला नको, स्कॅनरला हवेत. हे वाक्य लग्न झालेल्या माणसाने बोलू नये. मेसेज सोडून बाकीचा मॅक तपासला. इन्फेक्टेड फाइल्स शून्य.

स्कॅनर खरंच बघतोय का हे तपासायला आयकार नावाची 68 अक्षरांची निरुपद्रवी फाइल असते, सगळे अँटीव्हायरस तिला ठरवून व्हायरस म्हणतात. उबुंटूवर ती आरामात पडून राहिली, क्लॅमस्कॅन आला, "फाउंड" म्हणाला. विंडोजवर सेव्ह केली आणि क्लॅमस्कॅन सिग्नेचर भरतोय तोवर विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसने ती गिळून टाकली.

मग पेनड्राइव्ह. एक स्क्रिप्ट पकडली गेली. काका म्हणे डिलीटच करून टाक. क्लॅमस्कॅन आपणहून काही उडवत नाही, फक्त सांगतो, उडवायला रिमूव्हचा ऑप्शन द्यावा लागतो आणि तो दिला की मग काही विचारत नाही. (हा ऑप्शन मेलवर कधी वापरू नका, काही प्रोग्राममध्ये अख्खा इनबॉक्स म्हणजे एकच फाइल असते.) म्हणून मी स्क्रिप्ट आणि सगळे शॉर्टकट हाताने उडवले आणि काकांना दाखवायला पेनड्राइव्ह बाबांच्या लॅपटॉपला लावला. रिकामा! तोतये गेले होते आणि खरे फोल्डर अजून लपलेलेच, स्कॅनर व्हायरस शोधतो, त्याने घातलेला घोळ निस्तरत नाही. त्याला विंडोजची वेगळी कमांड, ॲट्रिब, लपवलेपण काढायला मायनस एच, सिस्टिम फाइलचा शिक्का काढायला मायनस एस, मी टाइप करत होतो आणि मागे काका बाबांना हळूच सांगत होते, "व्हायरस होता तेव्हा निदान फाइली उघडत तरी होत्या हो."