परीकुमाराची ड्युटी आणि आमचा टँकर

पहिला भाग न वाचलेल्या माणसाला दुसऱ्या भागाची स्टोरी सांगणं हा गुन्हा आहे असा कायदा झाला पाहिजे आणि तो सगळ्यात आधी ठाण्याच्या घोडबंदर रोडला लागू केला पाहिजे, कारण इथल्या ट्रॅफिकमध्ये गाडीत बसलेल्या माणसाला पळून जायची सोयच नाही. ट्रेनमध्ये निदान पुढच्या स्टेशनला उतरता येतं. आम्ही राहतो कासारवडवलीला, सकाळी लेकीला कॉलेजसाठी ठाणे स्टेशनला सोडायचं आणि मग मी वागळे इस्टेटला ऑफिसला जायचं असं आमचं चालतं, आणि तेवढ्या वेळात तिला मला एक कादंबरी सांगायची असते. वाचून दाखवायची नाही हं. सांगायची. स्वतःच्या कॉमेंट्रीसकट.

या प्रकाराला रोमँटसी म्हणतात म्हणे. रोमान्स अधिक फँटसी. सहाशे पानांचा ठोकळा, पानांच्या कडा जांभळ्या रंगवलेल्या, उघडल्या उघडल्या नकाशा, आणि शेवटी उच्चारांची यादी, कारण आतल्या एकाही माणसाचं नाव सरळ घेता येत नाही. हिरोच्या नावात तर बरोबर मधोमध एक अपॉस्ट्रॉफी आहे. तिथे नक्की काय करायचं, थांबायचं का उचकी द्यायची, असं मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, मी तेवढं स्किप करते." तेव्हापासून मी त्याला परीकुमार म्हणतो. तिला ते अजिबात आवडत नाही, तिच्या मते परीकुमार म्हटलं की बालवाडीच्या गॅदरिंगला पुठ्ठ्याचे पंख लावून रडत उभं राहिलेलं पोरगं डोळ्यासमोर येतं.

तिचं बरोबरच आहे म्हणा. आमच्या वेळी परी म्हणजे पांढरा फ्रॉक आणि कांडी, तीन वर द्यायचे आणि विषय संपला. या पऱ्या सहा-सहा फुटी, खांद्यावर टॅटू, तलवार, आणि कायम कशावर तरी चिडून खिडकीत उभे. वय पाचशे वर्षं आणि वागणं सगळं एफवायच्या पोरासारखं.

तर स्टोरी. पहिल्या भागात एक माणसांमधली मुलगी चुकून पऱ्यांच्या राज्यात जाते, तिथे हा भेटतो, आधी भांडणं, मग प्रेम (हे होईपर्यंत चारशे पानं जातात, त्याला स्लो बर्न म्हणतात, मी फक्त "बरं" म्हणालो) आणि शेवटी राजा मरतो. आता दुसऱ्या भागात परीकुमार गादीवर बसणार, त्यासाठी त्याने शेजारच्या बर्फाळ राज्याच्या राजकन्येशी लग्न करायला पाहिजे नाहीतर त्यांचं जंगल सुकणार, आणि नेमकी ही मुलगी माणसांच्या बाजूने बोलणी करायला त्याच राजवाड्यात येऊन राहते, पण तिची मेमरी गेलेली आहे, म्हणजे त्याला सगळं आठवतंय आणि तिला काहीच नाही. इथे लेकीचा आवाज भरून आला आणि मी वाघबीळला एका कंटेनरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये अडकलो होतो, तो कंटेनर गुजरातहून न्हावाशेवाला चालला असणार, आणि मी म्हटलं, "हा आता लेन बदलणार." ती म्हणाली, "कोण? बाबा, तू ऐकतच नाहीयेस."

ऐकत होतो की. ऐकण्यापलीकडे तिथे काय करणार. उलट मला यांचे नियम तोंडपाठ झालेत. पऱ्यांना आपलं खरं नाव सांगायचं नाही. त्यांच्याकडचं काही खायचं नाही, एक घास खाल्ला की परत येणं संपलं. थँक्यू म्हणायचं नाही, म्हटलं की तुम्ही त्यांचे देणेकरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पऱ्यांना खोटं बोलता येत नाही, फक्त खरं फिरवून बोलता येतं. हे मला एका झटक्यात समजलं, कारण आम्ही फ्लॅट बुक केला तेव्हा ब्रोशरवर "ठाणे स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर" असं छापलेलं होतं आणि ते खोटं नाहीये, रात्री अडीचला निघालं तर खरंच पंधरा-वीस मिनिटंच लागतात.

आणि लोखंड. लोखंडाने पऱ्या भाजतात. ही काही या लेखिकेची आयडिया नाही, स्कॉटलंड-आयर्लंडकडे जुनी समजूत आहे, म्हणून तर तिकडे दारावर घोड्याचा नाल ठोकतात. घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, "त्यात काय, बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात तो कशाला?" मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, 14 डबे, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि खाली 34 किलोमीटर नुसतं लोखंड. म्हणजे तोपर्यंत येऊरच्या जंगलात कोणी पऱ्या राहत असतील तर त्या त्याच दुपारी बोचकी बांधून निघाल्या असणार. एखादी चिवट राहिलीच असेल तर ती मेट्रोच्या कामामुळे पळाली. मी हे लेकीला सांगितलं, मला वाटलं ती खूश होईल, तर ती म्हणाली, "बाबा, तू सिरियस सीनमध्ये जोक करतोस."

जोक नव्हता. पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे, ते म्हणजे ड्युटी. हा परीकुमार दर दहा पानांनी म्हणतो की माझं कर्तव्य, माझी प्रजा, हा मुकुट काटेरी आहे. बरं, मग करतोस काय? मी अगदी डिटेलमध्ये विचारलं. सकाळी उठून तो काय करतो? लेक म्हणाली, बाल्कनीत उभा राहतो. मग? मग तलवारीची प्रॅक्टिस. मग? मग बॉल असतो, डान्स. अरे, जंगल सुकतंय ना तुझं? पाण्याचं कोण बघतंय? प्रजेच्या तक्रारी कोण घेतंय? सहाशे पानांत एक मीटिंग नाही, एक मिनिट्सचं रजिस्टर नाही, आणि म्हणे रॉयल ड्युटी.

मी हे बोलू शकतो कारण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. किंवा होतो, ते येतंच पुढे. एकशे चाळीस फ्लॅट, तीन विंग, आणि घोडबंदर पट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पाणी टँकरचं. आमच्याकडे प्रजा रात्री साडेअकराला बेल वाजवते कारण वरच्यांच्या एसीचं पाणी खालच्यांच्या ग्रिलवर पडतंय. व्हिजिटर पार्किंगमध्ये एक गाडी आहे तिचा व्हिजिटर कोणालाच माहीत नाही, ती गाडी मी सेक्रेटरी व्हायच्या आधीपासून तिथे आहे आणि तिच्याखाली मांजरांची चौथी पिढी नांदतेय. 30 सप्टेंबरच्या आत एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, घ्यायची असते, त्यात ऑडिट, त्यात मेंटेनन्स थकवलेले लोक, आणि ज्यांनी थकवलंय तेच सगळ्यात मोठ्या आवाजात विचारतात की पैसे जातात कुठे. त्या परीकुमाराला एकदा आमच्या एजीएमला आणून बसवा, अपॉस्ट्रॉफीसकट. समोसे यायच्या आत रडेल.

"मग त्याने राजीनामा द्यावा ना," असं मी म्हटलं आणि गाडीत शांतताच पसरली. लेकीचं म्हणणं, तसं नाही देता येत, रक्तात असतं ते. मी म्हटलं, सगळं देता येतं. आठवा एडवर्ड, इंग्लंडचा राजा, लग्न करायचं ती बाई घटस्फोटित म्हणून सगळे आडवे पडले, तर 1936 च्या डिसेंबरमध्ये सरळ गादी सोडून मोकळा झाला, वर्षसुद्धा पुरं केलं नाही. त्यावर लेक काय म्हणाली असेल? "बाबा, त्याला भाऊ होता." आता हे मात्र अगदी खरं. भाऊ होता, तो बसला गादीवर, म्हणून याला प्रेम करणं परवडलं. परीकुमाराला पण एक धाकटा भाऊ आहे पण तो बंडखोर आहे आणि त्याच्यावर वेगळं पुस्तक येणार आहे.

शनिवारी आईला कौपिनेश्वराला जायचं असतं. ती मूळची नौपाड्यातली, तिच्या मते खरं ठाणं तलावपाळीशी सुरू होऊन तलावपाळीशी संपतं आणि आम्ही राहतो तो बोरिवलीचा भाग आहे. मागच्या सीटवर बसून तिने मानपाड्यापर्यंत सगळं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाली, "यात नवीन काय गं? पुरूरवा-उर्वशीच आहे हे."

आणि तिने सांगितलं. उर्वशी अप्सरा, पुरूरवा राजा, म्हणजे परी आणि माणूस आणि गादी, सगळं आलंच. ती त्याच्याकडे राहते पण अटी घालून, माझे दोन मेंढे पलंगाशी बांधलेले राहतील, आणि तू मला कधी नागडा दिसता कामा नये. मग गंधर्व रात्री मेंढेच पळवतात, ती ओरडते की इथे कोणी पुरुष आहे की नाही, हा अंगावर काही घ्यायच्या आधी तसाच उडी मारून उठतो, आणि नेमकी त्याच क्षणी गंधर्व वीज चमकवतात. लख्ख उजेड. गेली उर्वशी. हे सगळं माझ्या आईने कापूरबावडीच्या सिग्नलला इतक्या निर्विकार आवाजात सांगितलं की माझाच क्लच सुटला. लेक तर वेडीच झाली, म्हणाली आजी हे कुठे मिळेल, कडा रंगवलेली आवृत्ती आहे का.

आईला आता चेव चढला. म्हणाली, सिक्वेल पाहिजे ना, मग घे, मेनकेचा सिक्वेल शकुंतला. तिचा नवरा दुष्यंत, त्याचीही मेमरीच गेली. आणि पुरूरव्याचा वंश पुढे बघ कुठे जातो, नहुष, ययाती, पुरू, करत करत कौरव-पांडवांपर्यंत. म्हणजे कुरुक्षेत्रावर जे काही झालं ते शेवटी एका परीच्या सासरचं भांडण. लेकीने विचारलं, पण यात ड्युटीवाला हिरो कोण? आई म्हणाली, "भीष्म."

माझ्या डोक्यात लख्ख वीज तेव्हा चमकली. गंगेचा मुलगा, म्हणजे अर्धा दैवी, अर्धा माणूस, युवराज, आणि त्याने तर बापाच्या लव्हस्टोरीसाठी गादी पण सोडली आणि लग्न पण सोडलं. राजीनामाच दिला की. मग सुटला का? कुठला! भावाला बायका आणा, पुतण्यांची लग्नं जमवा, नातवंडांना गुरू शोधा, सगळ्यांची भांडणं ऐका, आणि म्हातारपणी परत सेनापती. सिंहासन दुसऱ्याकडे आणि काम याच्याकडे. लेक म्हणाली की भीष्म टोटल रेड फ्लॅग आहे, त्यावर आई जी गप्प झाली ती देवळापर्यंत बोलली नाही, पण मी त्या दोघींच्या मध्ये पडलो नाही कारण मला आमच्या कमिटीची मीटिंग दिसत होती.

पाच वर्षांची टर्म संपलेली. नवीन कमिटी बिनविरोध, बिनविरोध म्हणजे कोणी फॉर्मच भरत नव्हतं, आणि रविवारी सोसायटी ऑफिसमध्ये पदं वाटायची होती. मी उभा राहिलो आणि म्हटलं की यावेळी मला सेक्रेटरी नको. एकदम सन्नाटा. अध्यक्ष म्हणाले, "कोणीच झालं नाही तर रजिस्ट्रार प्रशासक बसवेल, मग बसा." जंगल सुकणार, थोडक्यात. मी म्हटलं, एडवर्डने पण सोडलं होतं. कोण एडवर्ड, बी विंगमधला का, असं एकांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला भाऊ आहे का?"

"आहे, पुण्याला असतो."

"इथे फ्लॅट नाही ना? मग नाही चालणार."

शेवटी सी विंगचा एक नवीन मुलगा, आयटीतला, वर्क फ्रॉम होम करतो म्हणून पकडला गेला. सर्वानुमते. टाळ्या पण झाल्या. मी फक्त मेंबर राहिलो. किल्ल्या दिल्या, शिक्का दिला, रजिस्टर दिलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती "बरं झालं" म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात घुसली, पहिला भाग, म्हणजे आता घरात ऐकणारा मी एकटाच.

सोमवारी सकाळी सहाला फोन. "काका, सॉरी हं, टाकी रिकामी आहे आणि टँकरवाला माझा नंबर उचलत नाहीये. तुम्ही एकदा लावता का?"

लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला.

"बोला सेक्रेटरीसाहेब."